पाराशेचा आजचा अर्थ काढताना ओढाताण होते, ती कशी टाळायची? (तझरिया-मेत्सोरा, पुढे बेहार)

सातवी_अलिया यांचा प्रश्न:

शब्बाथच्या (शनिवारच्या) तोरा-वाचनानंतर सात-आठ मिनिटांचा दवार तोरा, म्हणजे त्या वाचनावरचं छोटं प्रवचन, द्यायचा आहे. पाराशा (त्या आठवड्याचा तोरातला वाचनभाग) तझरिया-मेत्सोरा, म्हणजे लेवीय १२ ते १५, दोन्ही जोडून. काही आठवड्यांनी बेहार-बेहुकोतायही माझ्याकडेच आहे.

तझरिया-मेत्सोरावर दोनच तयार उत्तरं सापडतात. एक, त्साराआत (तिथे सांगितलेला अंगावरचा डाग) म्हणजे साथीचा रोग आणि सात दिवस वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. दुसरं, त्साराआत ही लाशोन हाराची, म्हणजे मागे वाईट बोलण्याची शिक्षा, तेव्हा चहाड्या करू नका. पहिलं शिळं झालंय आणि दुसरं ऐकताना लोक जमिनीकडे बघायला लागतात. उलट, नुसता शब्दार्थ सांगितला तर शेवटी कुणीतरी विचारतंच, "बरं, मग आम्ही काय करायचं?"

पाराशेतून आजचा अर्थ काढायची काही शिस्त आहे का? हिब्रू अक्षरं जुळवून वाचता येतात, अर्थासाठी मराठी बायबल. तेवढ्यावर भागेल का?

---

काट्यावर_बोट:

चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच होते. आठवड्याची बातमी किंवा आवडता मुद्दा मनात धरून लोक पाराशा उघडतात आणि त्याला टांगायला वचन शोधतात. वचन खुंटी होतं. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण तोच मुद्दा दुसऱ्या कुठल्याही पाराशेवर तितकाच चालला असता.

शिस्त विचारलीत तर ती एवढीच: आधी वचनात कुठे अडखळायला होतं ते शोधा. त्याला कुश्या म्हणतात. खरा काटा सापडला की आजचा अर्थ बहुधा त्याच्या शेजारीच पडलेला असतो.

काटे कसे ओळखायचे? सगळ्यांत सोपी जागा म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगताना पडलेला फरक. उत्पत्ती १८:१२ मध्ये सारा मनात हसते आणि म्हणते, माझा धनी म्हातारा झालाय. पुढच्याच वचनात देव हे अब्राहामला सांगतो तेव्हा शब्द बदलतो: ‘मी म्हातारी झाले’ असं सारा म्हणाली, असं सांगतो. तालमूदने, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथाने (येवामोत ६५ब), हा फरक पकडला आणि घरातल्या शांततेसाठी शब्द बदलता येतो, असा निष्कर्ष काढला. आता याच्यावर आजचं बोलायला बातमी लागत नाही. एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवताना काय गाळायचं, हा प्रश्न रोजचाच आहे.

दुसरी जागा, दूरवर पुन्हा येणारा शब्द. उत्पत्ती ३७:३२ मध्ये भाऊ योसेफचा रक्ताळलेला झगा याकोबपुढे टाकतात आणि म्हणतात "हाकेर ना", ओळखा बघू. ३८:२५ मध्ये तामार यहूदाची मुद्रा आणि काठी पाठवते आणि तेच दोन शब्द वापरते. बापाला फसवताना वापरलेले शब्द यहूदावर उलटले. हे मिद्राशने (रब्बींच्या जुन्या भाष्याने) टिपलंय, पण भाषांतरात दोन्हीकडे वेगळे शब्द पडले तर ते दिसणारच नाही. तुम्हाला अक्षरं वाचता येतात ना, मग हे काम जमेल: अर्थ मराठीत घ्या, पण संशय आला की हिब्रूत शब्द तोच आहे का एवढं डोळ्यांनी पडताळा.

तिसरी, अतिरेकी पुनरुक्ती. नासो ही १७६ वचनांची सर्वांत लांब पाराशा, आणि गणना ७ मध्ये बारा वंशांच्या सरदारांची अर्पणं बारा वेळा जशीच्या तशी लिहिली आहेत: १३० शेकेलांचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र. ‘बाकी अकरांनीही तेच’ असं लिहून भागलं असतं. का नाही लिहिलं? मिद्राश म्हणतो, वस्तू एक पण प्रत्येकाचा हेतू वेगळा. कंटाळवाणी वाटणारी जागा सोडून देऊ नका. काटा तिथेच असतो.

काटा सापडल्यावर राशी हा भाष्यकार (१०४०–११०५) बघा. तो काय म्हणतो याआधी ‘त्याला इथे काय खुपलं?’ हे विचारा. नेखामा लेबोविट्झ या शिक्षिकेने १९४२ पासून जवळपास तीस वर्षं साप्ताहिक पाराशेच्या प्रश्नपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांचा हा ठेवणीतला प्रश्न. मग राशीशी न पटणारा एक भाष्यकार घ्या, इब्न एझ्रा किंवा रामबान. दोघांत मतभेद कशावर आहे हे एका वाक्यात मांडता आलं, तर तुमचा दवार तोरा अर्धा झाला. मांडता येत नसेल तर तिसरा भाष्यकार उघडू नका, पहिल्या दोघांनाच पुन्हा वाचा. सात मिनिटांत पाच भाष्यकार म्हणजे हजेरीपट.

(रामबान वेगळे, रामबाम वेगळे. नाखमानिदेस तो रामबान, मायमोनिदेस तो रामबाम. बोलताना हमखास घोटाळा होतो. आणि मराठीत तर पहिल्याचं नाव औषधासारखं ऐकू येतं, ते वेगळंच.)

---

मिश्ना_रोज_एक:

वरची पद्धत तझरिया-मेत्सोराला लावून दाखवतो, कारण इथे काटे ढिगाने आहेत आणि क्वारंटाइनवाला अर्थ त्यांतच मरतो.

आधी शब्द. मराठी भाषांतरांत ‘महारोग’ किंवा ‘कुष्ठरोग’ येतो, तो बाजूला ठेवा. त्साराआत कपड्याला होते (१३:४७–५९) आणि घराच्या भिंतीलाही (१४:३३–५३). कुष्ठरोग भिंतीला होत नाही. ‘महारोग’ हाच शब्द धरून बोललात तर ऐकणारा पहिल्या मिनिटाला चुकीच्या वाटेला लागतो, शिवाय एका खऱ्या आजाराच्या माणसांवर विनाकारण डाग बसतो. त्साराआतच म्हणा.

आता हे संसर्ग रोखायचे नियम आहेत, असं क्षणभर धरून चाला आणि पुढच्या गोष्टी बघा.

१३:१२–१३: डाग डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग व्यापून पांढरा झाला तर कोहेन (याजक) त्या माणसाला शुद्ध ठरवतो. रोग पूर्ण पसरल्यावर मोकळीक?

१४:३६: घर तपासायला कोहेन येण्याआधी सामान बाहेर काढायला सांगतो, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. तेच सामान, तेच घर, पाच मिनिटांपूर्वी बाहेर काढलं म्हणून शुद्ध. मिश्ना, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह (नेगाईम १२:५), विचारते, वाचवायचं तरी काय? लाकूड, कापड, धातू पाण्यात बुडवून शुद्ध होतंच. उरतात फक्त मातीची भांडी. तोराला त्या माणसाच्या गाडग्यामडक्याची एवढी काळजी.

नेगाईम ३:२: नवरदेवाच्या अंगावर डाग दिसला तर लग्नाच्या मेजवानीचे सात दिवस होईपर्यंत तपासणी नाही. सणातही तसंच. संसर्गाची भीती असती तर गर्दीच्या दिवसांतच तपासणी आधी झाली असती.

म्हणजे डाग असणं आणि अशुद्ध ‘ठरणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाचा दर्जा कोहेनच्या तोंडच्या शब्दाने बदलतो. आरोग्यखात्याचा अर्थ खोडणारा हा युक्तिवाद १९व्या शतकात सामसन राफाएल हिर्श यांनी सविस्तर मांडलेला आहे, तेव्हा स्वतःचा शोध म्हणून सांगू नका.

मग आजचा अर्थ कुठे? पाराशेची मांडणी मोजा. अशुद्ध ठरलेल्या माणसाने काय करायचं, छावणीबाहेर कुठे राहायचं, याला दोन वचनं: १३:४५–४६. त्याच्या परत येण्याला १४:१ ते १४:३२, बत्तीस वचनं. आणि परतीची पायरी पहिली कुणाची? १४:३ बघा, कोहेन छावणीबाहेर जातो. बाहेर काढलेल्याने दार ठोठवायचं नाही, आतल्याने बाहेर जाऊन त्याला बघायचं. पुढे दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एझोव ही वनस्पती. मग कपडे धुणं, केस काढणं, स्नान. छावणीत आल्यावरही सात दिवस स्वतःच्या तंबूबाहेर. आठव्या दिवशी अर्पणं. ऐपत नसेल तर १४:२१ पासून स्वस्त पर्याय: तीन मेंढरांऐवजी एक कोकरू आणि दोन पारवे.

इथे आजचा प्रश्न आपोआप उभा राहतो. कुठल्याही संस्थेचे नियम उघडा, काढून टाकायची प्रक्रिया कलमवार लिहिलेली असते. परत घ्यायची प्रक्रिया आहे का? निलंबन संपलेला विद्यार्थी, लांबच्या आजारपणातून आलेला कर्मचारी, शिक्षा भोगून आलेला माणूस: पहिल्या दिवशी त्याला घ्यायला दारापर्यंत कुणी जायचं, हे कुणाचं काम म्हणून ठरलेलं असतं? ‘आम्ही काय करायचं’ याचं उत्तर इतकं नेमकं असावं की एखाद्याला सोमवारी करता येईल. आजारातून परतणाऱ्या सभासदाला पहिल्या शब्बाथला घरून कोण आणणार, याची यादी करा. बस.

---

शंकासुर:

मिश्ना_रोज_एक यांचं बरंचसं मान्य, पण दोन ठिकाणी ब्रेक लावतो.

बत्तीस विरुद्ध दोन हा हिशेब जरा सजवलेला आहे. १४:२१–३२ म्हणजे गरिबासाठी त्याच विधीची पुनरावृत्ती, ती वजा करा, वीस उरतात. आणि १३व्या अध्यायातली पहिली ४४ वचनं तपासणीची आहेत, तीही ‘बाहेर काढण्याच्या’ बाजूला मोजता येतील. मुद्दा तरीही टिकतो, पण तो मोजणीवर उभा करू नका. १४:३ वर उभा करा. ‘कोहेन बाहेर जातो’ हे क्रियापद आहे, आकडा नाही. मोजणी कुणीही दुसऱ्या पद्धतीने करून दाखवू शकतो.

दुसरं, लाशोन हारा इतक्या सहज सोडू नका. ती कुणा प्रवचनकाराची कल्पना नाही. गणना १२ मध्ये मिर्याम मोशेबद्दल बोलते आणि तिच्या अंगावर त्साराआत उठते. अनुवाद २४:८–९ मध्ये त्साराआतीबद्दल सावध राहा म्हणून लगेच ‘मिर्यामचं काय झालं ते आठवा’ असं वचन आहे. तालमूद (अराखिन १६ब) एकटं बसवण्याचं कारण देतो: याने नवरा-बायकोत, मित्रा-मित्रांत अंतर पाडलं, म्हणून यानेही अंतरावर बसावं. जमिनीकडे बघणारे लोक हा अर्थ चुकीचा म्हणून बघत नाहीत. तो दुसऱ्यांना उद्देशून सांगितला जातो म्हणून बघतात. त्यावर मिश्नेतच उतारा आहे, नेगाईम २:५: माणूस सगळे डाग तपासू शकतो, स्वतःचे सोडून. कोहेनलाही स्वतःचा डाग तपासता येत नाही. हे वाक्य घेतलंत तर तोच विषय उपदेशातून बाहेर येतो. आपल्या बोलण्याने काय मोडलं हे आपल्याला दिसत नाही, कुणा दुसऱ्याला विचारावं लागतं. कुणाला, तो पुढचा प्रश्न.

आणि एक धोक्याची जागा. ऐकणाऱ्यांत कुणीतरी आजारी असतं किंवा आजाऱ्याची सेवा करून आलेलं असतं. ‘कातडीवरचा डाग ही बोलण्याची शिक्षा’ हे वाक्य खुलं सोडलंत तर त्यांनी काय ऐकलं याचा विचार करा. त्साराआत हा कुठलाही आजचा आजार नाही, हे वाक्य मोठ्याने आणि आधी म्हणा.

प्रत्येक वचनातून आजचा उपयोग निघालाच पाहिजे असंही नाही. हट्टी, बंडखोर मुलाचं प्रकरण (अनुवाद २१:१८–२१) घ्या. तालमूदमध्ये (सान्हेद्रिन ७१अ) एक मत आहे की असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास कर आणि फळ घे. त्याच पानावर रब्बी योनातान म्हणतात, मी असा पाहिलाय आणि त्याच्या थडग्यावर बसलोय. दोन्ही मतं ठेवली आहेत. कठीण वचनाचं गोड भाषांतर करण्यापेक्षा आपल्या आधीच्यांनी त्याच्याशी झोंबाझोंबी कशी केली हे दाखवणं जास्त प्रामाणिक.

---

पन्नासावं_वर्ष:

बेहारसाठी थोडक्यात, पण एक गोष्ट सविस्तर.

बेहार म्हटलं की सगळे शमिता (जमीन पडीक ठेवायचं सातवं वर्ष) आणि योवेलवर (पन्नासावं वर्ष) जातात आणि मग कर्जमाफी, पर्यावरण, सातव्या वर्षी सुट्टी अशा मोठमोठ्या गोष्टींवर. मोठं मैदान सात मिनिटांत मारता येत नाही. लेवीय २५:१४ आणि २५:१७ घ्या. दोन्हीकडे ‘एकमेकांना ठकवू नका’ अशाच अर्थाचे शब्द, तीन वचनांच्या अंतराने. झाला काटा. बाबा मेत्सिया ५८ब उत्तर देतं: १४वं पैशाच्या ठकवणुकीबद्दल, १७वं शब्दांच्या.

पैशाच्या बाजूला मोजमाप ठरलेलं आहे, एक-षष्ठांश. बाजारभावापेक्षा फरक सहाव्या हिश्शाहून कमी, तर सोडून द्यायचा. बरोबर सहावा हिस्सा, तर व्यवहार कायम आणि फरक परत. त्याहून जास्त, तर व्यवहारच रद्द होऊ शकतो. ग्राहकाला मुदत किती? वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवून येण्याइतकी. हे सगळं आधुनिक ग्राहक कायद्याच्या कितीतरी आधीचं.

शब्दांच्या बाजूला मोजमाप नाही. मिश्ना (बाबा मेत्सिया ४:१०) उदाहरणं देते: घ्यायचंच नसेल तर ‘केवढ्याला?’ विचारू नका. पश्चात्ताप केलेल्याला ‘तुझे जुने उद्योग आठव’ म्हणू नका. १७व्या वचनाला ‘देवाचं भय धर’ ही पुस्ती का, तर मनात काय होतं हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. दुकानात विक्रेत्याकडून तासभर माहिती घ्यायची, आधीपासून ठरवून दुसरीकडून मागवायचं: इथे बसणारं उदाहरण हेच, कारण यात ठकवणूक फक्त त्या माणसाच्या वेळेची आणि आशेची आहे. भाव विचारून तुलना करणं मात्र यात येत नाही, घ्यायची खरी शक्यता असेल तर विचारा. ही रेषा न दाखवता बोललात तर कुणीतरी हात वर करणारच.

उपमा कुठवर ताणायची याची एक कसोटी सांगतो. अनुवाद २२:८, नव्या घराच्या गच्चीला कठडा कर. रामबाम उंची देतो, दहा तेफाख (तेफाख म्हणजे हाताच्या पंजाची रुंदी), म्हणजे तेफाख कसा धरता त्यावर साधारण ८० सेंटिमीटर ते १ मीटर. मग तो हाच नियम विहिरीला आणि जिवाला धोका असलेल्या प्रत्येक गोष्टीला लावतो. घर सुटलं, गच्ची सुटली, काय टिकलं? ‘माझ्या मालकीची वस्तू, नेहमीच्या वापरात दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, आणि अडवणं माझ्या हातात आहे.’ तुमचं आजचं उदाहरण या तिन्ही अटींत बसत असेल तर ताणा. एकच अट जुळत असेल तर ती नुसती उपमा आहे, आणि तसं सांगून टाका.

---

सातवी_अलिया:

सगळ्यांचे आभार. १४:३ वर उभं राहायचं ठरवतो आहे, नेगाईम ३:२ आधाराला. हफ्तारा (पाराशेनंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा) त्यात बसवू का, की गर्दी होईल? आणि मराठी बायबलमधले वचनांचे आकडे कधीकधी हिब्रूशी जुळत नाहीत, ते का?

---

काट्यावर_बोट:

आकड्यांचं आधी. अध्यायांची विभागणी मध्ययुगीन ख्रिस्ती आहे, आणि मराठी बायबल काही ठिकाणी हिब्रू छापील प्रतीपेक्षा वेगळ्या जागी अध्याय तोडतं. लेवीय ५:२०–२६ (हिब्रू) म्हणजे मराठीतलं ६:१–७. त्यामुळे त्साव पाराशा हिब्रूत ६:१ ला आणि मराठीत ६:८ ला सुरू होते. वायिश्लाख पाराशा हिब्रूत उत्पत्ती ३२:४, मराठीत ३२:३. कोरह वाचताना गणना १७ हिब्रूत पंधरा वचनं आधी सुरू होतो. तुमच्या १३–१४ अध्यायांत असा फरक नाही, बिनधास्त राहा. विषय कुठे तुटतो हे बघायला मात्र अध्याय बघू नका. गुंडाळीत सोडलेली मोकळी जागा बघा: छापील हिब्रू प्रतींत ती पे आणि सामेख या अक्षरांनी दाखवतात, उघडा आणि बंद खंड. उत्पत्तीत सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात जाऊन पडलाय, खंड मात्र २:३ नंतर आहे.

दुसरा सापळा कॅलेंडरचा. पेसाख (वल्हांडण) सणाचा आठवा दिवस शब्बाथला आला की इस्रायलबाहेर त्या दिवशी सणाचं वाचन होतं, इस्रायलमध्ये पुढची पाराशा. मग दोन्हीकडे आठवडे मागेपुढे चालतात. २०२२ मध्ये हा फरक जुलैअखेरीस मातोत-मासेपर्यंत टिकला. इस्रायलमधल्या शिकवणीवरून तयारी करत असाल तर पाराशेचं नाव आधी जुळवा.

तयारीचं: सात-आठ मिनिटं म्हणजे सावकाश बोलून सातशे ते आठशे शब्द. काटा पहिल्या मिनिटात सांगा, भाष्यकार दोन, आजचं उदाहरण एकच. शब्बाथला फोन बघायचा नसेल तर शुक्रवारी कागदावर उतरवून तो आधीच सिनेगॉगमध्ये ठेवा, एरुव (शब्बाथला वस्तू नेता यावी म्हणून आखलेली हद्द) नसेल तिथे वाटेत हातात नेता येत नाही. कागदावर देवाचं चार अक्षरी नाव लिहू नका, ‘हाशेम’ लिहा. नाहीतर तो कागद टाकता येत नाही, गेनिझात (जुने पवित्र कागद ठेवायच्या जागी) ठेवावा लागतो.

---

मिश्ना_रोज_एक:

हफ्तारा बसवा, यावेळी ती गर्दी करत नाही. जोडवाचनात सहसा दुसऱ्या पाराशेचा हफ्तारा येतो, म्हणजे २ राजे ७:३–२०. (त्या शब्बाथला रोश होदेश, म्हणजे नव्या महिन्याची सुरुवात, आला तर हफ्तारा बदलतो, ते तपासा.) शोमरोन शहराला अरामी सैन्याचा वेढा, आत उपासमार, आणि वेशीबाहेर चार मेत्सोराईम (त्साराआत असलेले). मरायचंच तर शत्रूच्या छावणीत जाऊन बघू म्हणून ते निघतात, तर छावणी ओस पडलेली. आधी खातात, लुटतात, मग ९व्या वचनात एकमेकांना म्हणतात: आपण करतोय ते बरोबर नाही, आज शुभवार्तेचा दिवस आहे आणि आपण गप्प बसलोय.

शहराला जीव वाचल्याची बातमी वेशीबाहेरच्यांनी दिली. राजाचा मात्र त्यांच्यावर विश्वास बसत नाही, १२वं वचन वाचा; शत्रूचा डाव असेल म्हणून तो आधी माणसं पाठवून खात्री करतो. आणि खात्री झाल्यावर लोक वेशीतून धावत सुटतात, पण त्या चौघांचं पुढे काय झालं, त्यांना आत घेतलं का, हे अध्याय सांगत नाही. लेवीय १४:३ मधला कोहेन इथे कुठेच येत नाही. तुमच्या सातव्या मिनिटासाठी काटा हाच.